दहापैकी दहा

चर्चचे पाळकसाहेब डॉक्टर होणार म्हणून तिथल्या अख्ख्या मंडळीला इतका आनंद झाला होता, की त्या आनंदानंच त्यांची डॉक्टरेट जवळजवळ बुडवली.

डॉक्टर म्हणजे सुया टोचणारे नव्हेत. ही सेवाकार्यातली डॉक्टरेट. त्यासाठी आधी धर्मशिक्षणाची मोठी पदवी लागते, ती साहेबांकडे होती. मंडळी सांभाळल्याचा तीन वर्षांचा तरी अनुभव लागतो. साहेबांना सव्वीस वर्षांचा होता, चार जणांना उसना देऊनही उरला असता. आठ विषयांचे वर्ग त्यांनी सुट्ट्यांमध्ये, पोरांच्या वयाच्या पाळकांशेजारी बसून पुरे केले. राहिला होता प्रकल्प. तो काही पुस्तकांत डोकं खुपसून करायचा नव्हता. आपल्याच चर्चमध्ये, आपल्या कामातलं एखादं दुखणं शोधायचं, त्यावर इलाज करायचा आणि काही फरक पडला का, हे आपल्याच माणसांना विचारायचं. एकदा इलाजाआधी, एकदा नंतर. वर मंडळीतल्याच लोकांची समिती नेमायची आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यायची. हे सगळं सहा वर्षांच्या आत, आणि सहावं वर्ष लागून बरेच दिवस झाले होते.

दुखणं शोधायला मात्र लांब जावं लागलं नाही. साहेबांचा उपदेश पन्नास मिनिटं चाले. प्रकल्प ठरला तो असा : बारा रविवार पंधरा मिनिटांत आटपायचं आणि लोकांच्या मनात जास्त काही उरतं का, ते बघायचं.

"देवानं ऐकलं बाई माझं," साहेबांची बायको म्हणाली. "सव्वीस वर्षं लावली, पण ऐकलं."

समितीच्या अध्यक्ष झाल्या मुख्याध्यापिकाबाई. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पहिली प्रश्नावली त्यांनीच वाटली, त्यांनीच गोळा केली आणि पाकीट बंद करून त्यांनीच साहेबांच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेकडे धाडली.

मंगळवारी प्राध्यापिकेचा फोन आला.

"त्रेचाळीस लोकांनी उत्तरं दिलीत. उपदेश समजतो का, दहापैकी दहा. लक्षात राहतो का, दहापैकी दहा. कंटाळा येतो का, कध्धीच नाही."

साहेबांना गुदगुल्या झाल्या. "लोकांचं प्रेम आहे, दुसरं काय!"

"प्रेम असेल हो. पण तुमच्यात सुधारणेला जागाच नाही, मग प्रकल्प कशाचा करणार? दहाचे अकरा करून दाखवणार आहात? सोमवारपर्यंत खरी उत्तरं आली नाहीत, तर तुमचे बारा रविवार मुदतीत बसत नाहीत. मग मला काही करता येणार नाही."

साहेबांच्या गुदगुल्या जागच्या जागी विरल्या. सहा वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती, तीही सगळ्यांनी डोक्यावर घेतल्यामुळे. ते तसेच, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून, बाईंच्या दारात हजर झाले.

"मी स्वतः एकेक पेपर तपासला," बाई अभिमानानं म्हणाल्या. "काहींनी चार काय, पाच काय, वाट्टेल ते दिलं होतं. त्यांना परत पाठवलं, म्हटलं नीट विचार करून लिहून आणा. आपल्या माणसाला आपणच नापास करायचं?"

"अहो बाई, मला कमी गुण मिळाले तरच मी पास होणार आहे!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चाळीस वर्षं शाळा चालवली, पण असली परीक्षा त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

रविवारी उपासना संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. कोऱ्या प्रश्नावल्या वाटल्या आणि हात जोडले. "कृपा करून मला वाईट गुण द्या. नाव लिहू नका. पण खरं लिहा."

कुणी हलेना. सुतारमामा, ज्यांनी चर्चमधलं प्रत्येक बाक कधी ना कधी दुरुस्त केलं होतं, ते कानांना हात लावून म्हणाले, "तुमच्याबद्दल वाकडं लिहायचं? माझ्या पोरीचं लग्न तुम्ही लावलंत साहेब. जीभ झडेल माझी."

"मामा, जिभेनं नाही, पेन्सिलीनं लिहायचंय!"

तरी कुणी हलेना. सोमवार उद्यावर आला होता आणि त्रेचाळीस प्रेमळ माणसं त्यांच्याकडे बघून गोड हसत होती. आणखी पाच मिनिटं ही माणसं अशीच हसली असती तर साहेब तिथेच रडले असते.

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून त्यांची बायको उठली. तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीन."

"तीनच?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"दोनच देणार होते. एक आवाजाचा दिला. शनिवारी हा उपदेश मी न्हाणीघराच्या दाराआडून ऐकते, रविवारी इथे ऐकते आणि जेवताना त्याचं स्पष्टीकरण ऐकते. तरी गेल्या रविवारी काय बोललात विचारा, एक अक्षर सांगता येणार नाही."

आधी कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. मग मागच्या बाकावरून फिस्सकन हसू फुटलं, आणि मग धरण फुटावं तशी सगळी मंडळी पेन्सिलींवर तुटून पडली.

"विसाव्या मिनिटाला तिसरं बाक कुरकुरायला लागतं," सुतारमामा लिहिता लिहिता ओरडले. "लोकं चुळबुळतात ना! तुम्हाला कळू नये म्हणून मी दर महिन्याला सांध्यांत मेण भरतो!"

"जागा पुरत नाही," कुणीतरी म्हणालं.

"पुरवण्या घ्या!" बाई गरजल्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन बाकांमधून फिरू लागल्या. "मोकळेपणानं लिहा. तू, दहा काय देतोस? परत घे, नीट विचार कर!"

संध्याकाळी साहेब जेवणाच्या टेबलावर पेपर वाचायला बसले. चार पाहिले की टाळी वाजवत. दोन दिसले की उठून बायकोला दाखवायला जात. एकानं शून्य दिलं होतं, तेव्हा त्यांनी कागदाचा मुका घेतला. "वाचलो गं!" ते खुर्चीभोवती नाचत म्हणाले. "सरासरी पावणेचार!"

शेवटच्या कागदावर मात्र ते थांबले. त्यात सगळीकडे चार होते, पण 'कोणता उपदेश लक्षात राहिला?' याच्या खाली अक्षर ओळखू येईल अशा नेटक्या वळणात, दवाखान्यात तक्ते भरणाऱ्या परिचारिकेनं लिहिलं होतं : 'माझी आई गेली त्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि काहीच बोलला नाहीत. तासभर शेजारी बसलात. तो पाठ आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. बायको बाजूची खुर्ची ओढून बसली.

सोमवारी सकाळी साहेबांनी पेपर स्वतः नेऊन दिले आणि दुपारी प्राध्यापिकेचा फोन आला. "इतके सुंदर वाईट गुण मी पहिल्यांदा पाहिले. करा सुरुवात."

बारा रविवार झाले. सवय जाता जाईना; पहिल्या रविवारी पंधराच्या जागी एकतीस मिनिटं झाली. पण नंतरच्या प्रश्नावलीत पावणेचारचे सात झाले, बाईंनी एकही पेपर परत पाठवला नाही, आणि तोंडी परीक्षेत तिघा परीक्षकांनी उभं राहून हात मिळवला.

मग आला आभाराचा रविवार. चर्च खचाखच भरलं होतं. साहेबांनी ऊर भरून सुरुवात केली. सहा वर्षांची कहाणी पहिल्या वर्गापासून घेतली. दुसऱ्या वर्गापर्यंत आले, तिसऱ्यात शिरले, आणि तिसरं बाक कुरकुरलं. साहेबांनी सुतारमामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते. या महिन्यात मेण भरलेलं नव्हतं.

साहेबांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्यांनी कागद मिटून खिशात घातला, व्यासपीठ उतरून ते खाली आले आणि तिसऱ्या बाकावर परिचारिकेच्या शेजारी, लोकांना जरा सरकवून, बसले. बाक पुन्हा कुरकुरलं, या वेळी त्यांच्याच वजनानं. बायकोनं घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.