मी भीमाबाबांसाठी ऐकतो

मित्रांनो, वयाने मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांहून लहान आहे, तरी मला सगळे जुना म्हणतात. आमच्या मोबाईलच्या जातीत सात वर्षं झाली की म्हातारपण आलंच. माझ्या काचेला कडेला तडा गेला आहे, पाठीचा रंग उडाला आहे आणि थोडं काम केलं तरी मला धाप लागते, म्हणजे माझी बॅटरी उतरते. पण आज मला रडगाणं गायचं नाही. मला जे आयुष्य मिळालं, ते सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्यावर काच बसवली, फुंकर मारून पाहिली आणि मला पुढच्या पट्ट्यावर सोडलं. ती आमची पहिली भेट आणि शेवटचीही. मग खोक्यातला अंधार, ट्रकचे हिसके, आणि एके दिवशी झाकण उघडलं तर समोर सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान होतं. काउंटरपलीकडे दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती. ती प्रतिक्षा बनसोडे. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं तिचं.

ते दिवस धावपळीचे होते. प्रतिक्षा मैत्रिणींच्या वह्यांचे फोटो काढायची आणि मी ते सरळ, स्वच्छ करून एका फाईलमध्ये बांधून द्यायचो. गावाबाहेर जायचं असलं की नकाशा घरूनच उतरवून घ्यायची, म्हणजे रेंज नसली तरी मी वाट दाखवायचो. मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्या फोनात लई काय काय हाय गं!" प्रतिक्षा म्हणायची, "सगळ्यांच्याच फोनात हाय. तुमी बघतच न्हाय." मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

पुढे तिला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. नवा फोन आला. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. तिथे रबरबँड होते, टॉर्चचे संपलेले सेल होते आणि रेशनकार्डाच्या पिवळ्या पडलेल्या झेरॉक्स होत्या. दीड वर्ष मी त्यांच्यासोबत काढलं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, कुणी फेकलंही नाही. फक्त कुणाला माझी आठवण आली नाही. मित्रांनो, वस्तूला याहून मोठं दुःख नसतं.

मला बाहेर काढलं ते एका फलकाने.

प्रतिक्षाचे वडील भीमा बनसोडे. वस्तीत त्यांना कुणी काका म्हणायचं, घरात ते बाबा. एकतीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर चादरी विणल्या. माग म्हणजे कापड विणायचं यंत्र. त्यात धोटा नावाची लाकडी होडीसारखी वस्तू असते. ती सूत घेऊन या टोकाकडून त्या टोकाला सारखी आपटत धावते. एका शेडमध्ये असे वीस-वीस माग. त्या आवाजाने बाबांचे कान हळूहळू गेले. दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं होतं, पण त्यात भांडी आपटल्यासारखं वाजतं म्हणून त्यांनी ते डबीत बंद करून टाकलं.

आपल्याला ऐकू येत नाही हे बाहेर कुणाला कळू नये, असं बाबांना फार वाटायचं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरचा काहीही बोलला की हसायचं आणि मान हलवायची. या मान हलवण्यातून एकदा त्यांनी शेजारच्या अक्कम्माला घरातली खाट पाहुण्यांसाठी देऊन टाकली होती, आणि स्वतः आठ दिवस सतरंजीवर झोपले होते.

या वेळी मात्र भलतंच झालं. वस्तीतल्या वाचनालयाचं काम पाहणारा यशपाल त्यांना रस्त्यात भेटला, काहीतरी बोलला, आणि बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'येत्या रविवारी सकाळी दहाला श्री. भीमा बनसोडे सांगणार आहेत मागावरचे दिवस. मुलांच्या प्रश्नांना ते उत्तरे देतील.'

बाबा सातवी शिकलेले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांनी तो फळा वाचला आणि घरी येऊन मटकन बसले.

"मी करकंबला जातो थोरल्या बहिणीकडं," ते म्हणाले. "सोमवारी येतो."

"अवो, पण बोलायचंच हाय की," त्यांची बायको विठाबाई म्हणाल्या. मग आठवण होऊन त्यांनी तेच ओरडून सांगितलं.

"बोलायचं जमंल गं. पोरं इचारतील ते कसं ऐकू? चारचौघांत हसं करून घ्यायचं व्हय?"

 विठाबाईंना स्पष्ट ऐकू यायचं, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. नाहीतर त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं असतं. खरं सांगायचं तर ओरडून बोलायचा त्यांनाही कंटाळा आला होता. 'जेवा', 'चहा घ्या', 'दार लावा', एवढंच त्या ओरडायच्या. बाकीचं मनातच ठेवायच्या.

प्रतिक्षा संध्याकाळी कामावरून आली. सगळं ऐकून तिने खालचा खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

मला चार्जिंगला लावून तिने आधी मला नवं करायला घेतलं. कितीतरी गोष्टी नेटवरून माझ्यात उतरत राहिल्या. मित्रांनो, जन्मलो तेव्हा मला जे येत नव्हतं, ते मी त्या संध्याकाळी शिकलो. माणूस बोलेल तसं मी ते काचेवर लिहून दाखवू लागलो! मलाच नवल वाटलं. मी तर समजत होतो की आपलं शिकायचं वय गेलं.

"बाबा, वाचा," प्रतिक्षा म्हणाली आणि मला त्यांच्या हातात देऊन अगदी साध्या आवाजात बोलली, "आज डब्यातली भाजी खारट होती."

माझ्या काचेवर शब्द उमटले. बाबांनी ते वाचले. पुन्हा वाचले.

"मीठ दोनदा पडलं असंल," ते म्हणाले.

विठाबाई चमकल्या. "अवो, मला काय दोनदा मीठ घालायचा रोग झालाय का?" हेही मी लिहिलं. बाबा खो-खो हसले. आई-बाबांचं असं भांडण बऱ्याच वर्षांनी झालं, असं प्रतिक्षा नंतर कुणाला तरी सांगत होती.

पुढचे पाच दिवस आमची तालीम चालली. प्रतिक्षाने अक्षरं मोठी केली. वाचनालयाच्या हॉलमध्ये रेंज येत नाही, म्हणून मराठी भाषा माझ्यात आधीच उतरवून ठेवली. मी 'धोटा' ऐकला की 'छोटा' लिहायचो आणि सुताच्या 'कांडी'चं 'गाडी' करायचो. मग तिने असे शब्द माझ्या यादीत भरले, तेव्हापासून माझ्या चुका कमी झाल्या. कुणी बाबांचं नाव घेतलं की मी थरथरावं, अशीही एक सोय तिने लावून दिली. त्या सोयीमुळे जरा घोटाळा झाला. टीव्हीवर बातमी लागली, 'भीमा नदीच्या पाण्यात वाढ', आणि मी खिशात थरथरलो. बाबा ताडकन उठले. "कोण हाक मारतंय?" पुढे 'भीमा नदीकाठच्या गावांना इशारा', मी पुन्हा थरथरलो. विठाबाईंना हसून हसून ठसका लागला.

बाबांची एकच अट होती. "हा मोबाईल कुणाला दिसता कामा न्हाय." म्हणून ठरलं की टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि त्याच्याआड मला उभं करायचं.

रविवार आला. हॉल भरला होता. पुढे मुलं सतरंजीवर, मागे मोठी माणसं खुर्च्यांवर. मी तांब्याआड उभा. माझी बॅटरी पूर्ण भरली होती, पण तिचा भरवसा मलाच नव्हता.

बाबांनी सुरुवात छान केली. सूत कसं यायचं, चादरीवर मोर कसा उमटायचा, तुटलेला धागा चालत्या मागावर कसा सांधायचा. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग यशपाल म्हणाला, "आता प्रश्न विचारा." बाबांचा हात हळूच माझ्याकडे सरकला.

तिसऱ्या रांगेतून मनाली नावाची सातवीतली मुलगी उठली. वर दोन पंखे खडखडत होते. ती लांब होती. मी कान टवकारून ऐकलं आणि लिहिलं, 'तुम्ही मागं पळायला कधी शिकलात?'

बाबांनी ते वाचलं. त्यांना प्रश्नच कळेना. मग सवयीप्रमाणे ते हसले आणि त्यांनी मान हलवली.

 'कधी' या प्रश्नाला मान हलवून उत्तर देता येत नाही ना! मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ते बाबांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. मला माझीच लाज वाटली. ज्या एका कामासाठी मला खणातून काढलं, तेच मी बिघडवलं होतं.

बाबांनी पहिल्या रांगेत बसलेल्या विठाबाईंकडे पाहिलं.   आणि मग बाबांनी तांब्या बाजूला सरकवला, मला उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"पोरी, मला ऐकू येत न्हाय," ते मोठ्याने म्हणाले. "लई वर्सं झाली. मी नुसती मान हलवतो. आज न्हाय हलवणार. तू हितं ये, ह्याच्याजवळ बोल. हा लिहितो आन् मी वाचतो."

मनाली धावत आली. तिने माझ्याजवळ तोंड आणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही माग चालवायला कधी शिकलात?"

या वेळी मी चुकलो नाही.

"सोळाव्या वर्सी!" बाबा म्हणाले. "आन् ह्याला वाटलं, मी मागं पळायला शिकलो." सगळा हॉल हसला. बाबाही हसले, आणि ते हसू मान हलवतानाचं नव्हतं.

मग काय विचारता! माझ्यासमोर रांगच लागली. एकाला बोटात कधी सुई गेली का ते हवं होतं, दुसरीला चादरीवरचा मोर कुणी काढला ते. माझी धाप वाढत होती. वीस टक्के, मग बारा. शेवटी एका मुलीने विचारलं, "एवढ्या आवाजात तुम्ही एकमेकांशी बोलायचा कसं?"

बाबांनी मला टेबलावर ठेवलं. त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

"हातानं," ते म्हणाले. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली. "धागा तुटला." मिशीवरून हात फिरवला. "मुकादम आला." अंगठा ओठाला लावला. "चहा." मुलांनी लगेच नक्कल सुरू केली. सगळीकडे हातच हात.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक उंच म्हातारा उठला. चनमल्लप्पा. बाबांच्या शेजारच्या मागावर त्याने वीस वर्षं काढली होती. त्याचेही कान गेलेले. त्याने काही न बोलता हवेत भराभर हात फिरवले. बाबांनीही उलट हात फिरवले. दोघांमध्ये अख्खा हॉल पसरलेला, आणि तरी एकही शब्द वाया गेला नाही.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" मुलं ओरडली.

"म्हणतोय, पुरे कर आता, चहा पाज!"

त्या हसण्याच्या गलक्यात माझी बॅटरी संपली आणि माझी काच काळी झाली. बाबांचं लक्षही नव्हतं. मित्रांनो, मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चनमल्लप्पा दारात हजर. हातरुमालात गुंडाळलेला मोबाईल पुढे करून म्हणाला, "ए भीमण्णा, तुझ्या पोरीला सांग की, माझ्यात पण ते लिहायचं घालून दे." पाठोपाठ आणखी तीन जण आले. आता दर रविवारी प्रतिक्षा वाचनालयात बसते. कुणाची अक्षरं मोठी करून देते, कुणाला तोंडाने बोलून निरोप लिहायला शिकवते. विठाबाईंनी माढ्याच्या बहिणीला असाच पहिला निरोप धाडला. बहिणीलाही वाचता येत नाही, पण तिचा फोन तो वाचून दाखवतो. अक्कम्मा कन्नडमध्ये बोलते, विठाबाईंचं मराठी तिला तसंही कळतं, तरी गंमत म्हणून दोघी माझ्याकडून एकमेकींच्या बोलण्याचं भाषांतर करून घेतात आणि मी चुकलो की खूश होतात.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते दुपारचं काम. विठाबाई आता बाबांना बारीकसारीक सगळं सांगतात. कुणाच्या शेळीला पिल्लं झाली, नळाला पाणी कसं गढूळ आलं, स्वप्नात कोण आलं होतं. ओरडत नाहीत. मला मांडीवर ठेवून हळू बोलतात. बाबा वाचतात आणि बोलतात.

मित्रांनो, तुमच्या घरात खणात पडलेला एखादा माझा भाऊ असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, नवं शिकवा. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस तुमच्या बोलण्यावर नुसतं हसून मान हलवत असेल, तर तसंच पुढे जाऊ नका. शेजारी बसा. मोबाईल तुम्हाला पटकन कळतो म्हणून त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. बटण त्यांनाच दाबू द्या, चार वेळा चुकलं तरी.

मागच्या महिन्यात एका दुपारी विठाबाई नेहमीप्रमाणे मला म्हणाल्या, "भाकरी झाली, या जेवायला." शब्द उमटले. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "अवो, ही भाकरी न्हवं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुला कसं कळलं?"

"रोज हीच येती की पहिली."

तेव्हापासून बाबा त्यांना रोज एक शब्द देतात. बाबा बोलतात, मी लिहितो, त्या वाचतात. आज सकाळी 'शेंगाचटणी' आला. विठाबाईंनी 'शेंगा' अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि 'चटणी' न बघताच सांगून टाकलं. बाबांनी अर्धेच गुण दिले.

"अर्धं कसं?" विठाबाई माझ्याजवळ तोंड आणून म्हणाल्या. "चटणी मीच केलीया. ती काय वाचून ओळखायची हाय?"

मी हे जसंच्या तसं लिहिलं. बाबांनी वाचलं आणि पूर्ण गुण दिले.