काचेपलीकडचे ओठ

आमच्या कारखान्यात पडद्यांचं कापड विणतात. मागांचा खडखडाट असा असतो की शेजारचीने किंकाळी फोडली तरी तिला जांभई आली असं वाटावं. म्हणून आम्ही बायका ओठांनी बोलतो, आवाज न काढता. सासूची गाऱ्हाणी, पोरांची दुखणी, साहेबांची नक्कल, सगळं ओठांवर. नवी बाई तुटलेला धागा जोडायला चटकन शिकते, ओठ वाचायला मात्र तिला वेळ लागतो. ते जमलं की ती आमची झाली. आमच्या खात्यात 'काय?' असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर बाकीच्या अशा बघतात की जणू तिने सरळ कापडाची वाट लावली. या ऐटीनेच आमचा घात केला.

माझी थोरली बहीण शेवटच्या रांगेत माग चालवते, आणि मी तिच्या समोरचा. मला कामाला तिनेच लावलं. ताईला ऐकू येत नाही हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही, कारण खात्यात ती सगळ्यात आधी उत्तर द्यायची. कळलं ते तिच्या घरी. सून बाजारात गेली होती. ताई खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि तिच्या पाठीमागे पाळण्यात नात रडत होती. सून परत आली तोवर पोरीचा घसा बसला होता. सून एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती दुकानात जातानाही पोरीला कडेवर घेऊन जायला लागली.

"ती भांडली असती तर बरं झालं असतं गं," ताई मला म्हणाली. "नातीला माझ्यापाशी ठेवत नाही. मी काय तिला खाणार आहे?"

मला भयंकर राग आला. सुनेचा नाही, कारखान्याचा. मी ताईला हाताला धरून मॅनेजरसाहेबांकडे नेलं. या साहेबांना आम्ही मधबोट म्हणतो, कारण ते कुणालाही नाही म्हणत नाहीत, नुसतं मधाचं बोट लावून परत पाठवतात. ताईचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. एक, कानाचं यंत्र. दुसरं, मागांवर आवाज कोंडणारी आवरणं, म्हणजे बाकीच्यांचे कान तरी वाचतील.

"तुम्ही आमच्या घरच्याच आहात," मधबोट म्हणाले. "सगळ्यांचे कान तपासून घेऊ. फुकट!"

लगेच कंपनीचे डॉक्टर आले. कँटीनमध्ये टेबल मांडलं, एकेकीला समोर बसवलं, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर चांगला उजेड पडेल अशा बेताने त्यांची खुर्ची ठेवली. नाव काय? जेवण झालं का? मुलं किती? माझं ऐकू येतंय ना? एकीनेही 'काय?' म्हटलं नाही. कोण म्हणणार? बाहेर रांग उभी होती, सगळ्या बघत होत्या. ताईने तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं.

आठ दिवसांनी फाटकावर फलक लागला. 'आमच्या सर्व कामगारांची श्रवणशक्ती उत्तम!' खाली फुलांची नक्षी. ताई फलकाखाली उभी होती, मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, आणि ती शांतपणे नक्षी बघत होती. मी तिला ओढून बाजूला घेतलं.

श्रवणशक्ती उत्तम म्हटल्यावर यंत्र कशाला आणि आवरणं कशाला? विषय मिटला होता, आणि मिटवला होता आम्हीच, आमच्या तोंडाने.

आता साहेबांच्या केबिनविषयी सांगायला हवं. कारभार पारदर्शक असावा असं वरून फर्मान आलं, तेव्हा मधबोटांनी खात्याच्या मधोमध काचेची केबिन बांधून घेतली. काच दुहेरी. आत बसलं की मागांचा आवाज ऐकू येत नाही आणि आतलं बोलणं बाहेर जात नाही. दिवसभर आत लख्ख दिवे, आणि त्या दिव्यांत साहेब.

फलक लागला त्याच दुपारी डॉक्टर चहाला केबिनमध्ये आले होते. मी धागा जोडता जोडता सहज वर पाहिलं. मधबोट हसत होते आणि त्यांचे ओठ म्हणत होते, "मी सांगितलं म्हणून समोर बसवलंत. पाठीमागून विचारलं असतंत तर अर्ध्या बायका बहिऱ्या निघाल्या असत्या! या ओठ वाचतात, डॉक्टर. मग प्रत्येक मागाला आवरण आणि प्रत्येक कानाला यंत्र. भीक लागली असती आपल्याला."

आम्ही ओठ वाचतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यालाही ओठ आहेत, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी ताईकडे पाहिलं. तिनेही वाचलं होतं. तिचा माग चालू राहिला, पण धागा तुटला तरी तिने तो जोडला नाही.

आम्ही तक्रार केली, आणि सरकारी कामगार अधिकारी बाई आल्या. उंच, सावळ्या, कपाळावर आठी. कँटीनमध्ये सगळे जमले. एका बाजूला मधबोट, डॉक्टर आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. मी उभी राहिले आणि साहेबांचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, हसण्यासकट.

"शक्यच नाही!" वकील म्हणाले. "दुहेरी काच आहे. आतलं बोलणं बाहेर कुणालाही ऐकू जात नाही."

"तेच तर म्हणतोय आम्ही," मी म्हटलं. "ऐकू जात नाही."

अधिकारी बाई उठल्या आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन बसल्या. मागांच्या गोंगाटात ताई काचेबाहेर उभी राहिली. बाई आत काहीतरी बोलल्या. परत कँटीनमध्ये आल्यावर ताईने सांगितलं, "तुम्ही म्हणालात, माझी चप्पल चावते, आज नवी घालायला नको होती."

बाईंच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली. मग त्यांनी ताईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून विचारलं, "तुमच्या नातीचं नाव काय?" ताई भिंतीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं, आधीपेक्षा मोठ्याने. ताईची मान हललीसुद्धा नाही. डॉक्टर चष्मा पुसायला लागले.

"एका बाईवरून काय ठरवणार?" वकील म्हणाले. "या नाटक करत असतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मला उभं करा ना! माझे कान शाबूत आहेत. ऐकू येणारी कशी वागते आणि न येणारी कशी, फरक तरी कळेल तुम्हाला."

माझे कान शाबूत आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. हल्ली आमच्याकडे हे पुटपुटत बोलायला लागले होते, पण वयाप्रमाणे पुरुष पुटपुटतातच. फोनवर लोक नीट बोलत नव्हते, पण फोन जुना होता. मी ऐटीत भिंतीकडे तोंड केलं. समोर भिंतीवर एक जुना डाग होता. डागाकडे बघत मी वाट बघत राहिले. बाईंनी विचारायला फारच वेळ लावला. काय विचारावं हे ठरवत असतील, असं मनात आलं. मग वाटलं, पाणी पीत असतील. शेवटी मला राहवेना. मी वळले आणि म्हटलं, "विचारा की!"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ताईने दोन्ही हात तोंडावर धरले होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मधबोट जमिनीकडे बघत होते. अधिकारी बाईंचे ओठ हळू हलले, "तीनदा विचारलं मी."

मी म्हटलं, "काय?"

आयुष्यात पहिल्यांदा खात्यातल्या बायकांसमोर मी तो शब्द उच्चारला, आणि एकीनेही माझ्याकडे तसं पाहिलं नाही.

मग मात्र तपासणी नीट झाली, बंद खोलीत, यंत्र लावून, आणि डॉक्टरही बाहेरचे. अर्ध्या बायका बहिऱ्या निघतील हा साहेबांचा अंदाज चुकला. अर्ध्याहून जास्त निघाल्या. फलक उतरवला. ताईला यंत्र मिळालं, पाठोपाठ मलाही. आमचे हे पुटपुटत नव्हते हे मला आता कळलंय, पण ते मी त्यांना सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

आवरणं बसवण्याचाही हुकूम निघाला. साहेब म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. तेवढ्यात केबिनच्या काचांना मात्र पडदे लावायचे ठरले, तातडीने. पडद्याचं काम शेवटच्या रांगेत आलं, ताईच्या मागावर. ताईने ते मनापासून विणलं. हाताला मऊ, दिसायला भारी, आणि वीण अशी विरळ की आत दिवे असले की बाहेरून सगळं स्वच्छ दिसावं. आतून बघणाऱ्याला मात्र नुसता पडदा. साहेबांना तो फार आवडला. त्यांनी तिचं कौतुकही केलं.

पडदे लागले, दिवे लागले, आणि मधबोट वकिलांना म्हणाले, "आता मोकळेपणाने बोला. आवरणं पुढच्या रांगेलाच लावू. बाई चप्पल चावते म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत जाणार नाहीत."

हे बोलणं एका मागावरून दुसऱ्या मागावर, ओठांवरून ओठांवर, खात्याच्या टोकापर्यंत गेलं. कुणाचाही माग थांबला नाही. पुढच्या भेटीला अधिकारी बाई जुन्या, मऊ चपला घालून आल्या आणि थेट शेवटच्या रांगेत गेल्या. त्यामुळे पहिलं आवरण ताईच्या मागाला बसलं. एरवी गोंगाटात ती यंत्र काढून ठेवायची. सगळ्या मागांना आवरणं बसली त्या दिवशी मात्र तिने ते कानातच ठेवलं आणि मला म्हणाली, "तुझा आवाज आईसारखा आहे गं. मी विसरलेच होते."

सून नातीला पुन्हा तिच्यापाशी ठेवून जाते.

बातमी बाहेर कशी जाते हे कोडं साहेबांना अजून सुटलेलं नाही. परवाच त्यांनी केबिनच्या दाराला चांगलं जाड रबर बसवून घेतलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.