बसलेल्या कुत्र्याचा पंचनामा

"सदर कुत्रा पिसाळलेला असून त्याने कोणतेही कारण नसताना पाहुण्यांस चावा घेतला, सबब त्यास नष्ट करण्यात यावे." १९८६ सालच्या या पंचनाम्याखाली पाच पंचांच्या सह्या होत्या. पाचांपैकी एकानेही कुत्रा चावताना पाहिला नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यातला पर्यवेक्षक सेवकराम हा कागद दहा दिवस खिशात घेऊन हिंडत होता. एकवीस वर्षांच्या नोकरीत असले कागद त्याने इतके वाचले होते की आता राग यायच्या आधी थकवा येई. खाली फक्त त्याची सही हवी होती. ती झाली की कुत्र्याला गोळी.

कागद तपासणे कठीण नव्हते. पिसाळलेले जनावर चावल्यानंतर दहा दिवस तग धरत नाही. हा भुऱ्या दहाव्या दिवशीही मालक भैय्याजींच्या धानगिरणीपुढे बांधलेला, घमेल्यातले पाणी लपलप पीत होता. पाहुणे म्हणजे लक्ष्मणराव, भैय्याजींच्या मुलीला, चंद्रकांतेला, पाहायला आलेल्या मुलाचे मामा. 'पिसाळलेला' या एका शब्दापायी ते भंडाऱ्याला रोज पोटात सुई टोचून घेत होते. चौदांपैकी दहा झाल्या होत्या. उरले 'कोणतेही कारण नसताना'.

कारण खुंटीवर टांगलेले होते. भैय्याजींच्या भाच्याने अमेरिकेहून पाठवलेला तो चामडी पट्टा; गाव त्याला बिजलीचा पट्टा म्हणे. आतले दोन बोथट खिळे कुत्र्याच्या मानेला टेकत आणि हातातल्या डबीचे बटन दाबले की झटका बसे, एकपासून पाचपर्यंत, हवा तेवढा. सोबतचे पुस्तक इंग्रजीत होते. भैय्याजींनी त्यातली चित्रे पाहिली.

वास्तविक भुऱ्याला 'बस', 'थांब', 'ये' हे तिन्ही शब्द दोन वर्षांपासून येत होते. रानडुकरांपासून धानाची राखण करताना राखणदार नत्थू शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, आधी स्वतः बसे, मग शब्द उच्चारी, आणि कुत्रा शेजारी टेकला की शिदोरीतला तुकडा त्याच्यापुढे टाकी. भैय्याजींना हे शिक्षण वाटले नाही, कारण त्यात यंत्र नव्हते. तीन आठवडे रोज सकाळी ते खुर्चीत बसून आधी बटन दाबत आणि मग शब्द म्हणत. जे कुत्र्याला येत होते तेच त्याला वेदनेसकट पुन्हा शिकवले गेले, आणि गावातली शहाणी माणसे त्याला शास्त्र म्हणू लागली.

सेवकरामने नत्थूला खूण केली. नत्थू हळूच म्हणाला, "बस." भुऱ्या बसला. मग भैय्याजींना म्हणायला लावले. कुत्रा त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहत, अंग चोरून, तरीही बसलाच.

"लक्ष्मणराव त्याच्या मानेवरून हात फिरवत होते, डॉक्टरसाहेब," नत्थू जमिनीकडे पाहत बोलला. "तवाच तो कळवळला. त्याले वाटलं, त्या हातानंच चटका देल्ला."

भैय्याजींनी नत्थूला गिरणीत पिटाळले आणि आवाज उतरवला. "तुमी समजून घ्या, सेवकरामभाऊ. कुत्रा पिसाळला म्हटलं तं घराले दोष नाही. पट्ट्यापायी चावला म्हटलं तं पोरीची सोयरीक गेली. एका कुत्र्यासाठी कायले अडून राहिले?"

सेवकराम अडला नाही. त्याने पेन उघडले आणि कंटाळलेल्या सुरात सांगितले की पिसाळलेला लिहायला त्याची हरकत नाही. मात्र तसे लिहिले की मुंडके तपासणीला नागपूरला जाईल, आणि या महिन्यात कुत्र्याने ज्यांचे हात चाटले त्यांची नावे सुयांसाठी याच कागदावर येतील. रोज भाकर घालणारी चंद्रकांता. रोज पट्टा बांधणारे भैय्याजी.

"किती सुया?" भैय्याजींनी विचारले.

"चौदा. पोटात."

भैय्याजींचा हात नकळत सदऱ्यावरून पोटावर गेला. पाहुण्याच्या पोटात दहा सुया जाईपर्यंत त्यांना जे सत्य आठवले नव्हते, ते स्वतःची पहिली टोचण्यापूर्वीच आठवले. सेवकरामने पंचनामा उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्याने 'जबाब' असे लिहिले, आणि भैय्याजी जे बोलले ते एकही अक्षर न सुधारता उतरवून खाली त्यांची सही घेतली:

"कुत्रा पहिल्याच शब्दाले बसला होता. पण तो आपलाआपला बसला तं पट्टा काय करते हे पाहुण्यायले कसं दिसन? म्हणून मी बटन दाबलो. पाचावर."