जाऊबाईची संध्याकाळची गोई

मेडशीत कोनालेबी विचारा, वच्छला कोन? त सांगतीन, थे गोयावाली, दवाच्या गोया खानारी. हे नाव मले माह्या मोठ्या जाऊबाईनं देल्लं, देवकाबाईनं. तिचं घर माह्या भिंतीले लागून. विहारात वंदनेले बसलं की सगळ्यायचं मंगल हो म्हना लागते. मी मनात म्हनो, सगळ्यायचं हो, देवकाबाईचं सोडून.

मागच्या सालापासून मले घाबरं सुटे. कारन काई नसे. भाकर थापता थापता छाती धडधड करे, हात कापे, वाटे आता मरतो. वाशिमच्या डॉक्टरीन मॅडमनं बसवून समजावून सांगतलं.

"वच्छलाबाई, हा वेडेपणा नाही, आजार आहे. ही सकाळची गोळी रोज घ्यायची. आधी मळमळेल, तोंड कोरडं पडेल, गुण यायला वेळ लागेल, पण मनानं बंद करू नका. रात्रीची बारकी गोळी फक्त थोडे दिवस. ती झोप आणते, पण सवयही लावते. दुसऱ्या कुणाला देऊ नका. रोज खाणाऱ्यानं ती एकदम सोडली तर झटके येतात."

तसंच झालं. मळमळलं, तोंडाले कोरड पडली, मंग हळूहळू घाबरं थांबलं. बारकी गोई मॅडमनंच बंद केली. उरलेलं पाकीट फडताळात पडून राह्यलं.

अशात माह्या स्नेहाले पाहाले मंगरूयपीरचे पाव्हने आले. पोरगी पसंत पडली. देवकाबाई पोराच्या मावशीले हात धुवाले मोरीवर घेऊन गेली अन् तितंच कानात सांगतलं, "माय येडी हाय तिची. येड्याच्या गोया खाते. पोरीलेबी लागन."

निरोप आला, नाई जमत. कोनं सांगतलं, हेबी त्याच निरोपात आलं. माही पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. अवं, मायनं दवा घेतली म्हनून पोरीचं लगन मोडलं! म्या म्हटलं, देवके, तुयी जिरवली नाई त नावाची वच्छला नाई.

मंग फडताळातलं पाकीट गायब झालं. इकडे देवकाबाई दिवसा पेंगाले लागली. बोलता बोलता इसरे, वरनात दोनदा मीठ टाके, वट्ट्यावरून पडलीबी. माह्या ध्यानात आलं. माह्या गोया संपल्यावर रिकामं पाकीट दाखवून कोन्यातरी मेडिकलातून बिनचिठ्ठीच्या आनत असन. मी पाहत राह्यली, बोलली नाई. खरं सांगतो, मजा वाटली.

एक दिवस सकायीच ते माह्या दारात उभी. घामानं डबडबलेली, हात लटलट कापून राह्यले.

"वच्छले, मेडिकलवाला देऊन नाई राह्यला. दोन गोया दे न वं. डोयाले डोया नाई लागला."

"कोनत्या गोया, जाऊबाई? येड्याच्या?"

ते मटकन खाली बसली. "म्याच चोरल्या तुया. मले झोप नोती येत. पाय धरतो तुये."

माह्या तोंडात आलं, जाय, मर तिकडे. दार अर्धं लोटलंबी. लावून घेतलं असतं त मले कोनी काई म्हटलं नसतं. झटके आले असते, लोकं म्हनले असते, बाहेरचं झालं. पन मंग वाटलं, मेल्यावर हिले काय समजन? हे जिती पाह्यजे. म्या चपला घातल्या अन् तिले धरून वाशिमच्या यष्टीत बसवलं.

मॅडमनं तिले तपासलं. म्हने, "एकदम बंद करायची नाही, थोडी थोडी कमी करू. पण गोळ्या यांच्या हातात द्यायच्या नाहीत. घरात कोण सांभाळेल?"

देवकाबाईनं मान खाली घातली अन् माह्याकडे बोट केलं.

"द्याल ना बरोबर, वच्छलाबाई?"

"एकदम बरोबर देतो, मॅडम."

आता रोज दिवेलागनीले देवकाबाई माह्या आंगनात येते. शेजारच्या बाया वट्ट्यावर बसल्याच रायतात. मी तिले घरात नाई बलावत. तितंच हातावर गोई ठेवतो, पानी देतो, अन् मोठ्यानं इचारतो, "चक्कर येते काय जाऊबाई? हात कापते काय अजून?" इचाराले मॅडमनंच सांगतलं हाय, फकस्त मोठ्यानं नोतं सांगतलं. ते पदराआड तोंड करून गोई गियते.

परवा स्नेहा म्हने, "आई, बस झालं आता. घरात देत जाय तिले." माह्या पोरीचं मन मोठं हाय. माहं नाई.

काल देवकाबाईनं हळूच इचारलं, "वच्छले, कधी सुटन वं हे गोई?"

"सुटन न," म्या म्हटलं. "पन मॅडम म्हन्ते, घाई करता येत नाई."

अन् मलेबी काई घाई नाई.