एक खांदा, तातडीने

सिस्टरला आज संध्याकाळी पाचच्या आत एक निखळलेला खांदा हवा होता.

स्वतःचा नव्हे. बाकी कुणाचाही चालला असता. डावा, उजवा, म्हातारा, तरुण, तिची काही तक्रार नव्हती. फक्त तो सांध्यातून नीट बाहेर आलेला असावा आणि ती तो परत बसवत असताना डॉक्टरसाहेब समोर उभे असावेत, एवढंच.

भानगड अशी होती. हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात डॉक्टर कमी पडायला लागले, तेव्हा वरच्या मंडळींनी डॉक्टर आणण्याऐवजी एक शब्दप्रयोग आणला: 'विस्तारित भूमिका'. म्हणजे जुन्या सिस्टरांनी कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, आणि मग टाके, प्लास्टर, खांदे हे सगळं स्वतःच्या अधिकारात करायचं. सिस्टर ही कामं आधीही करतच होती, पण तेव्हा हात तिचे आणि नाव साहेबांचं. पेशंट हमखास म्हणायचा, "डॉक्टरांना बोलवा." त्यावर "मीच बघणार आहे" असं ऐटीत म्हणता यावं, या एका वाक्यासाठी तिने वर्षभर जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचे सांधे चाचपले होते. नवरा हल्ली उभ्यानेच जेवायचा.

टाके झाले, प्लास्टर झालं, खांदा राहिला. कोर्स आज बंद होणार, आणि एक जरी काम राहिलं तरी पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा श्रीगणेशा.

खांदे येत नव्हते असं नाही. पण परीक्षक एकच, ते म्हणजे साहेब. आणि सध्या विभागात डॉक्टरही एकच, तेही साहेबच. नियम असा की परीक्षकाने शेवटपर्यंत हात मागे बांधून, तोंड मिटून नुसतं बघत उभं राहायचं. साहेबांना नुसतं उभं राहिलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते डबासुद्धा चालता चालता खायचे, आणि भाजी कुठल्या तरी तिसऱ्याच खाटेवर सापडायची.

सकाळी एक फुटबॉल खेळणारा आला होता. सुंदर निखळलेला खांदा. एक्स-रे झाला, औषध दिलं, साहेबांनी हात मागे बांधले, आणि पलीकडच्या खाटेवर कुणाला तरी झटके आले. साहेब पळाले. ते परत येईपर्यंत या बहाद्दराने डोकं खाजवायला हात वर नेला आणि खांदा आपला आपण जागेवर.

"बसला वाटतं," तो खूश होऊन म्हणाला.

"जरा वेळ धरून ठेवता आला नाही?" सिस्टर म्हणाली.

दुपारी वॉर्डबॉयचं काम करणारे मामा धावत आले. "सिस्टर, दारात एक जण खांदा धरून उभा आहे." ती पळत गेली. त्या माणसाला काहीही झालेलं नव्हतं, पिशवीचा पट्टा काचत होता. तरी तिने दोनदा दाबून बघितलं. तो पिशवी टाकून पळाला.

शेवटी तिने नवऱ्याला फोन केला. "माझं वर्ष वाया गेलं. एक खांदा मिळेना."

"थांब, मी बघतो," नवरा म्हणाला. लग्नानंतर तो प्रथमच काहीतरी बघणार होता. त्यांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जिमवाला राहायचा, त्याचा खांदा उठता-बसता निखळायचा. त्याचा नंबर नव्हता, म्हणून नवऱ्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'नमस्कार. आपत्कालीन विभागात आमच्या हिला तातडीने खांदा हवा आहे. पाचच्या आत. कुणी असल्यास कृपया त्वरित पोहोचावे.' आणि मोठं काम केल्यासारखा तो झोपला.

हॉस्पिटल, तातडी आणि खांदा हे तीन शब्द एकत्र वाचल्यावर माणसाच्या मनात काय येणार? त्यातून घरात म्हाताऱ्या सासूबाई. चार वाजायच्या सुमारास सोसायटीतले झाडून सगळे पुरुष माना खाली घालून आपत्कालीन विभागात शिरले. पुढे सेक्रेटरी.

"वहिनी," सेक्रेटरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आई गेल्या?"

"सकाळीच गेल्या," सिस्टर एका बाळाच्या गुडघ्यावर पट्टी बांधता बांधता म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शांतपणे गेल्या ना?"

"कसल्या शांतपणे. टॅक्सीवाल्याशी भांडून."

सेक्रेटरींनी मागे वळून बघितलं. मागच्यांनी हळहळून माना हलवल्या. "शेवटपर्यंत ताठ होत्या," कुणीतरी म्हणालं.

"आता तुम्ही काही काळजी करू नका," सेक्रेटरी म्हणाले. "खांद्यांची सोय झाली आहे."

सिस्टरचे डोळे चमकले. "खांदा आणलाय? कुणाचा?"

"सगळ्यांचेच आहेत."

"निखळलेला कुठला?"

सेक्रेटरींना गलबलून आलं. दुःखाने वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला होता, कारण त्या आता ओळीने सगळ्यांचे खांदे चाचपत निघाल्या होत्या. "पाणी आणा रे कुणीतरी," ते म्हणाले.

सगळेच पाणी आणायला धावले. कूलर एक, ग्लास एक, माणसं डझनभर. निम्मं पाणी जमिनीवर.

"ही कसली जत्रा भरवली आहे?" म्हणत साहेब पलीकडून आले, नेहमीप्रमाणे अर्धवट धावत. पाय सरकला. हात टेकायला गेले, आणि जमिनीशी त्यांची जी गाठ पडली ती बरीच चुकीच्या कोनात.

साहेब उठून बसले तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती आणि हात जरा लांबच लटकत होता.

सिस्टरने चेहरा दुःखी करायचा मनापासून प्रयत्न केला. चेहरा ऐकेना.

"डॉक्टरांना बोलवा," साहेब विव्हळले.

"तुम्हीच आहात."

"दुसरे."

"ते रजेवर. रजा तुम्हीच मंजूर केलीत."

"मग कुणी अनुभवी माणूस."

"मीच की. आणि 'विस्तारित भूमिकांवर विश्वास ठेवा' हे भाषण तुमचंच, साहेब. टाळ्या मी वाजवल्या होत्या."

एक्स-रे झाला, हाड कुठे मोडलेलं नव्हतं. दुखण्यावर औषध गेलं. सिस्टरने दंडाला बोट लावलं. "स्पर्श कळतोय?"

"कळतोय. पण क्रम चुकला. आधी नाडी."

"नाडी तुम्ही ओरडत होता तेव्हाच बघितली. परीक्षकाने बोलायचं नसतं."

"मी पेशंट म्हणून बोलतोय."

"पेशंटला क्रम माहीत नसतो."

तिने कोपर धरलं आणि हात हळूहळू बाहेर वळवायला घेतला. खांदा हलेना. घड्याळ मात्र हलत होतं. तिने जरा जोर लावला, साहेब कळवळले, दंड दगडासारखा घट्ट झाला. तिच्या कपाळावर घाम आला.

"घाई करताय," साहेब दात आवळून म्हणाले. यावेळी ते बरोबर होते.

तिने हात सोडला नाही, पण थांबली. माणूस सैल पडल्याशिवाय खांदा बसत नाही, आणि साहेब सैल पडलेले तिने कधी बघितलेच नव्हते.

"साहेब, एक विचारू? तुम्ही शेवटचे निवांत कधी बसला होतात?"

"काय?"

"नुसते. खुर्चीवर. काही न करता."

साहेबांनी छताकडे बघितलं. "गेल्या वर्षी... नाही, तेव्हा फोन आला होता. बहिणीच्या लग्नात... नाही, तिथे नवरदेवाच्या काकांना चक्कर आली. थांबा हं, एकदा लिफ्ट अडकली होती तेव्हा..."

खट्.

"...तेव्हा बसलो होतो," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी आपल्या खांद्याकडे बघितलं.

पाचाला थोडा वेळ होता. साहेबांचा उजवा हात झोळीत बांधलेला, म्हणून परीक्षेच्या कागदावरची सही डाव्या हाताने झाली. त्या सहीकडे बघून मामा म्हणाले, "ही सही आहे का हृदयाचा आलेख? त्यापेक्षा अंगठा घ्यायचा."

आता खांदा नीट बसला का हे बघायला पुन्हा एक्स-रे हवा होता. औषधाने साहेबांना गुंगी आली होती, चाकाच्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या, आणि उचलायला मामा एकटे.

"मग आम्ही निघू का?" सेक्रेटरींनी विचारलं. सासूबाई बहिणीकडे गेल्याचं एव्हाना त्यांना कळलं होतं आणि ते जरा नाराज होते.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "आलाच आहात तर चौघं पुढे या."

स्ट्रेचर उचललं गेलं. सवयीने चौघांच्या माना खाली गेल्या, बाकीचे मागे ओळीने चालू लागले. बाहेर ताटकळलेले पेशंट उठून उभे राहिले.

"साहेब गेले?" एका आजीबाईंनी मामांना विचारलं.

"गेले," मामा म्हणाले. "एक्स-रेला."

आजीबाई सिस्टरकडे वळल्या. "मग डॉक्टरांना बोलवा की कुणीतरी."

सिस्टरने पदक घ्यायला निघाल्यासारखे खांदे मागे घेतले. "मीच बघणार आहे," ती म्हणाली.

ते वाक्य नीट ऐकायलाही कुणी थांबलं नाही. बाकावरचे सगळे एकदम तिला आपापली दुखणी सांगायला लागले.