जपलेला कागद

विमलच्या तळहाताचा कागदावरून फिरणारा आवाज मला अजून ऐकू येतो; फाल्गुनात कडुलिंबाची पिकली पाने अंगणात सरकावीत तसा, कोरडा, मऊ, कसलीच घाई नसलेला. मी आयुष्यभर पालिकेपासून वीज कार्यालयापर्यंत सर्वांना संतप्त पत्रे लिहीत आलो, आणि पाकीट बंद होण्यापूर्वी ती प्रत्येक पत्र तळहाताने सारखे करून एखाद्या विशेषणाखाली पेन्सिलीची रेघ ओढत आली. "एवढा शब्द काढा," इतकेच म्हणे. पडेगावच्या आमच्या घरातली तिरपी उन्हे तेव्हा तिच्या खडूने पांढरट झालेल्या बोटांवर उतरत. बिडकीनच्या शाळेत पिढ्यांची अक्षरे गिरवून घेणारा तो हात माझ्या क्रोधालाही वळण लावीत असे.

त्याच शाळेत, फळ्यासमोर, ती कोसळली. शेजारच्या दवाखान्यातल्या जुन्या यंत्राने ती शुद्धीवर येण्यापूर्वीचे तिचे ठोके टिपले: वीतभर गुलाबी चौकटींच्या कागदावर उसळलेले, दिशा हरवलेले वादळ. यंत्र स्वतःजवळ प्रत ठेवीत नव्हते. ठोका भरकटताच झटका देऊन त्याला माघारी आणणारे उपकरण विमलच्या छातीत बसवावे की नाही, हे शहरातले हृदयतज्ज्ञ तो आलेख पाहूनच ठरवणार होते. म्हणजे आमचा एकमेव पुरावा तो कागद. आणि न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवलेल्या मला पुरावा कसा जपावा, हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

मी तो औरंगपुऱ्यात लॅमिनेशनला दिला. दुकानदार सलीमभाईंनी कोपरा नखाने घासून पाहिला. "साब, ये कागज गरमी से काला पड़ता. नक्को करो." मी त्यांना मूळ दस्तऐवजाचे महत्त्व ऐकवले. तापलेल्या रुळांतून कागद बाहेर आला तेव्हा तो चकचकीत होता, अभेद्य होता, आणि संपूर्ण काळा होता.

घरी विमलने सवयीने त्यावरून तळहात फिरवला.

"लई जपलं तुम्ही," ती हसून म्हणाली. "आता ह्यातला कुठला शब्द काढू?"

तज्ज्ञांनी दिवसभर अंगावर यंत्र बांधून पुन्हा आलेख घेतला. साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तसे तिचे हृदय त्या दिवशी शहाण्यासारखे वागले. निर्णय लांबला. मूळ पुरावा नष्ट झाल्यास दुय्यम पुरावा ग्राह्य धरावा, बिडकीनच्या डॉक्टरांची साक्ष घ्यावी, असे मी तीन पत्रांतून बजावले. उत्तर सौजन्याचे आले: साक्षीत ठोके दिसत नाहीत, वादळाची जात आलेखच सांगतो. मी चौथे पत्र लिहिले. चैत्रातल्या दुपारी, कडुलिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास खिडकीत भरला असताना, ते सारखे करता करता तिचा हात थांबला, तो पुन्हा हलला नाही. 'निष्काळजी' या शब्दाखाली तिची अर्धी रेघ होती.

त्यानंतर मी एकही पत्र लिहिलेले नाही. 'प्रति' या शब्दापुढे घालण्यासारखे नाव एकच उरले आहे, आणि ते माझे आहे. काळ सगळे कागद हळूहळू फिके करतो, त्यांच्यावरच्या दुःखासकट. हा एकच, तिचे वादळ पोटात घेऊन बसलेला, मी जपला तसाच, काळा राहील.