पडद्यामागचा फासा

आमच्या टेबलावर, फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात, लपण्याचा फासा खेळाडूने टाकायचा नाही, हा ऑर्विल टॉलेफसनचा कायदा. दुसरीकडे कुठेही जा, चोराचं पात्र घेतलेला माणूस आपला वीस बाजूंचा फासा आपणच टाकतो, त्यात पात्राच्या कसबाचा आकडा मिळवतो, आणि पहारेकऱ्याच्या नजरेच्या आकड्यापेक्षा बेरीज मोठी आली की तो लपला. ऑर्विलला हे कधीच पटलं नाही. "तीन पडलेले दिसले तर तू पाऊल पुढे टाकशील? नाही ना? गुपचूप मागे फिरशील," तो म्हणायचा. "खऱ्या चोराला अंधारात कुठे ठाऊक असतं आपण दिसतोय की नाही? त्याला नुसतं वाटत असतं." म्हणून हा फासा तोच टाकायचा, समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागे, आणि सांगायचा एवढंच, "तुला वाटतंय की तू लपली आहेस."

रसीन गावातल्या त्याच्या घराच्या तळघरात, दर रविवारी चर्च आटोपलं की आम्ही जमतो. राज्यं, राक्षस, पहारेकरी, सगळं जग ऑर्विलच्या तोंडून चालतं. त्यात आम्ही तिघं एकेक जीव घेऊन वावरतो. ड्वेनचा सरदार आहे, त्याचा घोडा दर मोहिमेत मरतो. त्याच्या बायकोची, ग्रेचेनची, जखमा बऱ्या करणारी पुजारीण आहे. आणि मी, नोरीन कुबियाक, पस्तीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावलेली बाई, माझी आहे थिसल. थिसल चोर आहे. बावीस वर्षं मी तिला सांभाळलंय. माझा स्वतःचा संसार तेवढा टिकला नाही.

तर गेल्या ऑक्टोबरपासून थिसल एकदाही पकडली गेली नव्हती. वहीच्या समासात मी खुणा करत होते, एकतीस झाल्या. मी तोऱ्यात होते.

"ही बाई चोर आहे की वारा?" ड्वेन कुरकुरायचा. "माझा घोडा मेला तरी चालेल, हिच्या अंगाला ओरखडा नाही!"

"कसब लागतं बाबा," मी म्हणायचे. "तुझ्यासारखी भांडी वाजवत नाही फिरत आम्ही."

मेमध्ये एका रविवारी ऑर्विलने बसता बसताच सांगून टाकलं, "ही गोष्ट पुढच्या रविवारी संपवू. मग बास. दमलो मी."

लव्हॉन, त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस आठवड्यात एकदाच दाढी करतो, रविवारी. तो रविवारही गेला तर काय उरणार, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. राग आला की मी उठून खायला आणते. म्हणून चीजचे तुकडे आणायला त्याच्या खुर्चीमागच्या फ्रीजकडे गेले.

तेवढ्यात त्याने थिसलसाठी फासा टाकला. फासा घरंगळत गेला आणि पेन्सिलीला टेकून तिरका उभा राहिला.

हे नीट समजून घ्या. टेकलेला फासा ऑर्विलच्या टेबलावर चालत नाही. प्रत्यक्ष देवाने टाकला तरी तो पुन्हा टाकायचा. एक्क्याण्णव साली अशाच एका टेकलेल्या फाशावरून तो आणि ड्वेन दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आणि आता तोच ऑर्विल त्या तिरक्या फाशावर वाकला, मान जराशी कडेला वळवली, आणि म्हणाला, "छान. तुला वाटतंय की तू लपली आहेस."

बशी हातात धरून मी तशीच उभी राहिले. मार्चपासून त्याची गाडी जागची हललेली नाही. बॅटरी गेली म्हणतो, दुकानात मीच नेते. नकाशे तो हल्ली तोंडपाठ सांगतो. आणि माझ्या एकतीस खुणा! खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते, पहिलं दुःख मला थिसलचं झालं. माझं कसब म्हणून मी मिरवत होते, ते या माणसाला आकडे दिसत नव्हते म्हणून होतं. त्याचं दुःख व्हायला जिना चढून वर येईपर्यंत वेळ लागला.

बाहेर गाडीपाशी मी दोघांना सांगितलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ड्वेन म्हणाला. "मानाने थांबतोय, थांबू दे त्याला."

"आणि मग रविवारी काय करील तो?" ग्रेचेनने विचारलं. "भिंतीशी बोलेल?"

ड्वेनने गाडी सुरू केली. मी आठवडाभर विचार केला.

पुढच्या रविवारी थिसल ड्यूकच्या मनोऱ्यात जिन्याखाली दबून बसलेली, आणि कंदील घेतलेला पहारेकरी वरून उतरत होता. आधीच्या मारामारीत तिचा जीव अर्धा झालेला. ऑर्विलने पडद्यामागे हात नेला.

"थांब. आज फासा मी टाकणार," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि मोठ्याने वाचणार."

"कायदा माहीत आहे तुला."

"चाळीस वर्षं माहीत आहे. तुझं म्हणणं काय, आकडा बघून मी मागे फिरेन. मग आधीच सांगते, थिसल पहारेकऱ्याच्या पाठीमागून दाराकडे निघाली. आता काही का पडेना."

त्याने पडद्यामागचा हात बाहेर काढला. मग म्हणाला, "टाक."

मी टाकला. दोन.

ड्वेनने फाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ऑर्विल माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत वाट पाहत होता. सतरा म्हटलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? बावीस वर्षांचा जीव. ओठावर आलंही होतं सतरा.

"दोन," मी म्हणाले. "माझे अकरा धरून तेरा."

"पहारेकऱ्याचे पंधरा," तो सावकाश म्हणाला. "दिसलीस तू त्याला." मग म्हणाला, "खोटं बोलता आलं असतं तुला."

"हो."

"कधी कळलं?"

"गेल्या रविवारी. फासा पेन्सिलीला टेकला होता."

"टेकला होता?" त्याचा चेहरा पार उतरला. "टेकलेला फासा चालवला मी?"

"चालवलास."

"अरे देवा!" तो म्हणाला. डोळ्यांपेक्षा त्याला याचीच लाज जास्त वाटली असावी. मग त्याने हाताने चाचपून पुठ्ठ्याचा पडदा मिटला आणि खाली ठेवला. "नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, फासा नाही दिसत. तुमचे चेहरेही नाहीत. आकडा कळेना, मग म्हटलं निदान माझ्यामुळे कुणाचं पात्र मरू नये."

"आणि माझा घोडा?" ड्वेन म्हणाला.

"तुझा घोडा बघायला डोळे लागत नाहीत."

ग्रेचेन हसता हसता रडायला लागली. ऑर्विलने आपला जुना लाल फासा, ज्याला आम्ही कधी बोट लावलं नव्हतं, टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"पहारेकऱ्याने भाला उचललाय. हा त्याचा फासा. टाक आणि वाच."

मी टाकला. लाल फासा फिरला, थांबला, कशालाही न टेकता. वीस पडले की वार जिवावर बसतो, हाही त्याचाच कायदा.

"वीस," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

त्याने डोळे मिटले आणि थिसलचं मरण सांगायला सुरुवात केली. कागद नाही, नकाशा नाही. कंदील कसा हलला, पायरीवर तिचा हात कुठे पडला, बावीस वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा चोरलेली चांदीची सुई तिच्या बाहीतून कशी घरंगळली. ती सुई मीही विसरले होते. मी ओक्साबोक्शी रडले. ड्वेनने नाक शिंकरलं आणि सर्दी झाल्यासारखं दाखवलं.

आम्ही निघालो तेव्हा तो जिन्यापर्यंत आला, कठड्याला धरून.

"नोरीन, पुढच्या रविवारी नवीन पात्र लिहून आण," तो म्हणाला. "आणि अक्षर मोठं काढ."